गायरानावरचा सौर प्रकल्प आणि माळावरचे पक्षी

माळावरचा

नमस्कार. हातकणंगले तालुक्यातील आमच्या गावाच्या गायरानावर शेतीच्या विजेसाठी सौर प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव आला असून येत्या पंधरवड्यात ग्रामसभेत त्यावर चर्चा आहे. प्रकल्प पाच मेगावॉटचा आहे, म्हणजे वीस ते पंचवीस एकर माळ त्याखाली जाईल. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या आठवड्यात एक चित्रफीत फिरली. तीत उडते पक्षी धुराची रेघ सोडत खाली पडताना दिसतात आणि खाली 'सोलर आला की आपल्याकडंबी हेच' असे लिहिले आहे. दुसऱ्या बाजूला, पारावर विषय निघाला की ऐकू येते, 'त्या माळावर हाय काय? दगडं आणि कुसळं.' मला या दोन्ही गोष्टी पटत नाहीत, पण सभेत उभे राहून बोलायचे तर खरे काय ते नीट माहीत असले पाहिजे, म्हणून हा धागा काढला आहे.

माळावर काय आहे ते आधी सांगतो. गेल्या एप्रिलमध्ये सकाळी माळ ओलांडताना एक माळटिटवी पुढ्यात येऊन ओरडू लागली, थोडी पळाली, पुन्हा थांबून ओरडू लागली. मी जागीच थांबलो आणि खाली पाहिले, तर माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर मुरमात बशीएवढा खळगा होता, कडेने हरभऱ्याएवढे खडे होते आणि आत चार अंडी होती, चारही टोके आतल्या बाजूला केलेली. रंग अगदी मुरमाचा, त्यावर काळपट ठिपके. नजर जरा हलली की अंडी पुन्हा दिसेनाशी होत होती. मी मागे सरून बाभळीखाली बसलो. बऱ्याच वेळाने ती परतली तेव्हा तिच्या पोटाची पिसे ओली होती. पाझर तलावात पोट भिजवून येऊन अंडी गार ठेवण्याची या पक्ष्याची रीत आहे, हे मी तोवर फक्त वाचले होते. हा पक्षी भारतीय उपखंडाबाहेर आढळत नाही आणि घरट्यासाठी त्याला झाड नको, झुडूप नको, फक्त अशी उघडी जमीन हवी.

याच माळावर डोंबारी चंडोल, लावे आणि थंडीत भोवत्या मी दरवर्षी पाहतो. जाणकारांनी सौर प्रकल्प आणि पक्षी याबद्दल जे ठाऊक आहे ते कृपया सविस्तर लिहावे.

तारमार्ग

मी वीज क्षेत्रात काम करतो, त्यामुळे चित्रफितीपासून सुरुवात करतो. तशी घटना घडते हे खरे आहे, पण ती तुमच्या गावी येणाऱ्या प्रकल्पात घडू शकत नाही, कारण ती यंत्रणाच वेगळी आहे.

सौर वीज मुख्यतः दोन तऱ्हांनी तयार होते. एका तऱ्हेत आरशांनी ऊन एका जागी गोळा करून उष्णता निर्माण करतात आणि वाफेवर जनित्र फिरवतात. कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात इव्हानपाह येथे २०१४ मध्ये सुरू झालेला प्रकल्प या पद्धतीचा आहे. तिथे सुमारे १४० मीटर उंचीचे तीन मनोरे आहेत आणि भोवती सूर्याबरोबर वळणाऱ्या आरशांच्या पावणेदोन लाखांच्या आसपास जोड्या सगळे ऊन त्या मनोऱ्यांच्या माथ्यावर फेकतात. त्या झोतातून जाणाऱ्या पक्ष्याची पिसे करपतात आणि तो खाली पडतो. झगझगीत माथ्याकडे किडे ओढले जातात, किड्यांमागे भिंगऱ्या, पाकोळ्या येतात, आणि त्यांच्यामागे शिकारी पक्षी. नेवाडातील क्रेसेंट ड्यून्स प्रकल्पात जानेवारी २०१५ मध्ये चाचणी चालू असताना आरशांचे झोत मनोऱ्याच्या वर हवेत एका जागी रोखून धरले होते आणि काही तासांत शंभरावर धुराच्या रेघा मोजल्या गेल्या. पुढे रिकाम्या वेळी ते झोत विखरून ठेवण्याची पद्धत लावल्यावर हा प्रकार बराच आवरला.

ही समस्या जुनी आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस कॅलिफोर्नियातच 'सोलर वन' नावाचा १० मेगावॉटचा प्रायोगिक मनोरा होता. तिथे चाळीस आठवड्यांच्या पाहणीत ७० मेलेले पक्षी सापडले आणि त्यांपैकी ५७ भाजून नव्हे, तर आरशांवर आदळून मेले होते. माझ्या मते आपल्यासाठी त्यातला हाच भाग महत्त्वाचा आहे, कारण आदळण्याला उष्णता लागत नाही, चकाकणारा सपाट पृष्ठभाग पुरतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे आपल्या ओळखीच्या सोलर प्लेटा. त्या ऊन गिळतात आणि थेट वीज देतात, कुठेही एकवटत नाहीत. शेतीला वीज देणाऱ्या राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतले प्रकल्प याच प्रकारचे आहेत. त्यांच्यावरून उडणारा पक्षी जळत नाही. चित्रफीत दाखवून प्रकल्पाला विरोध केला, तर सभेत कोणीही जाणकार माणूस दोन मिनिटांत ती खोडून काढील आणि मग तुमच्या माळटिटवीचेही कोणी ऐकून घेणार नाही.

रात्रीचं पाणी

पक्ष्यांबद्दल मला माया आहे, तरीही दुसरी बाजू मांडली पाहिजे. आमच्याकडे शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्री असते. रात्री अकराला लाईट आली की बॅटरी आणि काठी घेऊन उसात शिरायचे, सरीतले पाणी फिरवायचे आणि पहाटे घरी यायचे. माझ्या चुलत्यांना तीन वर्षांपूर्वी असेच पाणी पाजताना घोणस चावली. ते वाचले, पण पायाचे एक बोट गेले. राधानगरी, पन्हाळ्याकडच्या पाहुण्यांना रात्री उसात गवा समोर येण्याची भीती असते. दिवसा दहा तास वीज द्या, या मागणीसाठी २०२२ मध्ये कोल्हापुरात शेतकरी धरणे धरून बसले होते ते उगाच नव्हे.

सौर कृषी वाहिनीचा सगळा हेतूच दिवसा वीज देण्याचा आहे. उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत प्रकल्प उभा करायचा आणि तिथली वीज थेट शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांकडे जाणाऱ्या वाहिनीला, द्यायची. म्हणून माझी विनंती आहे की चर्चा 'प्रकल्प हवा की नको' अशी न होता 'कुठे आणि कसा' अशी व्हावी. रात्री पाणी पाजणाऱ्या माणसाला पक्ष्यांसाठी थांबा म्हणणे मला शक्य नाही, आणि जागा बदला म्हणणे सहज शक्य आहे.

रंकाळ्याकाठी

'तारमार्ग' यांनी चकाकणाऱ्या पृष्ठभागाचा मुद्दा काढला, तोच पुढे नेते. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमधल्या एका पावसाळी पहाटे आमच्या गल्लीत ओल्या डांबरी रस्त्याच्या मधोमध एक टिबुकली बसलेली होती. मुलांना वाटले की तिचे पाय मोडले आहेत. ती उठायला बघे आणि छातीवर पडे. पाय मोडलेले नव्हते. टिबुकलीचे पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाला असतात, ते पोहायला आणि बुडी मारायला उत्तम, पण जमिनीवर तिला धड चालता येत नाही आणि पाण्यावर धाव घेतल्याशिवाय उडताही येत नाही. चपलांच्या खोक्यात घालून आम्ही तिला रंकाळ्यावर नेले. पाण्याला पोट टेकताच तिने बुडी मारली आणि बऱ्याच अंतरावर वर आली. रात्री उडताना रस्त्याच्या दिव्यांखाली चमकणारे ओले डांबर तिला पाणी वाटले असणार, असा माझा समज आहे.

अमेरिकेत सौर प्रकल्पांबाबत हाच संशय घेतला गेला. तिथल्या मत्स्य व वन्यजीव सेवेच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेने २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील तीन प्रकल्पांतून गोळा केलेल्या ७१ जातींच्या २३३ मृत पक्ष्यांचा अहवाल दिला. इव्हानपाहमधून १४१, डेझर्ट सनलाइट या साध्या प्लेटांच्या प्रकल्पातून ६१ आणि उरलेले ३१ पन्हाळीच्या आकाराचे आरसे असलेल्या तिसऱ्या प्रकल्पातून आले होते. प्लेटांच्या प्रकल्पात सापडलेल्यांत, आसपास वाळवंट असूनही, पाणपक्ष्यांचे प्रमाण लक्षात येण्याजोगे होते आणि त्यांत टिबुकलीच्या कुळातले पक्षीही होते. वरून निळसर काळ्या प्लेटांचा सलग विस्तार सरोवरासारखा दिसत असावा असा त्यातून तर्क निघाला. तो अजून तर्कच मानला जातो, सर्व ठिकाणी सारखा अनुभव आलेला नाही. मात्र पक्षी खाली उतरला आणि वाचला, तरी पुन्हा उडू न शकल्याने तिथेच उन्हाने किंवा कोल्ह्या-कुत्र्यांनी मरतो, हे टिबुकली हातात धरलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

किड्यांच्या बाबतीत पुरावा अधिक पक्का आहे. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेने हलतात, आणि पाण्यात अंडी घालणारे अनेक कीटक त्या खुणेवरूनच पाणी ओळखतात. काळ्या गुळगुळीत प्लेटा तसाच प्रकाश परत फेकतात, किंबहुना पाण्याहूनही जोरकस. हंगेरीतील गाबोर होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की एकदिवशी माश्यांसारखे कीटक पाणी सोडून प्लेटांवर अंडी घालतात, आणि प्लेटेवर पांढऱ्या बारीक रेघांची चौकट असली की हे आकर्षण खूप कमी होते.

आपल्याकडे रंकाळा, कळंबा, अतिग्रे असे तलाव जवळजवळ आहेत आणि पाणपक्षी रात्री एका तलावावरून दुसऱ्यावर जातात. 'माळावरचा' यांना माझा प्रश्न आहे: तो पाझर तलाव प्रस्तावित जागेपासून किती अंतरावर आहे?

माळावरचा

जेमतेम दोनशे मीटर. हे लिहिताना मलाच ते प्रथम नीट जाणवले.

तरीही वरचे सगळे वाचून मला वाटते की आमच्या माळावरचा खरा प्रश्न आदळून मरणाऱ्या पक्ष्यांचा नाही. प्रकल्प उभा करताना जमीन पोकलेनने सपाट करतात, खडक फोडतात, मुरूम दाबून रोलर फिरवतात, रांगा उभ्या करतात, भोवती जाळीचे कुंपण घालतात आणि पुढची पंचवीस वर्षे प्लेटांवर सावली पडू नये म्हणून गवत कापत राहतात. यात एकही पक्षी मेल्याची नोंद होणार नाही. माळटिटवी पुढच्या मार्चमध्ये येईल, तिला उघडा मुरूम दिसणार नाही आणि ती निघून जाईल. कुठे जाईल? पूर्वेला ऊस आहे, पश्चिमेला ऊस आहे, उत्तरेला औद्योगिक वसाहत आहे. तालुक्यात असे माळ आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

प्रकल्प सुरू झाल्यावर तिथे पक्षी दिसतील, याचीही मला खात्री आहे. पारवे प्लेटांखाली घरटी करतील, साळुंख्या कडांवर बसतील, होले रांगांमधून दाणे टिपतील. मग कोणीतरी फोटो काढून म्हणेल की बघा, पक्षी वाढले. पण हे पक्षी गावात, एसटी स्टँडवर, कुठेही राहू शकतात. माळाखेरीज ज्यांना दुसरी जागाच नाही, ते त्या फोटोत नसतील.

मला सर्वांत जास्त सलतो तो 'पडीक' हा शब्द. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळ आणि खुरटलेली कुरणे हे प्रकार पडीक म्हणूनच येतात. नकाशावर पडीक म्हटले की ती जागा रिकामी ठरते. त्यातच, प्लेटांच्या सौर प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसारची पर्यावरणीय मंजुरी लागत नाही, म्हणजे माळावर काय आहे हे कोणी येऊन पाहण्याची सक्तीच नाही. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले, म्हणून निदान तिथल्या माळाला नाव मिळाले. आमच्या गायरानाला सातबाऱ्याखेरीज कुठेही नाव नाही.

पाणकणीस

मी पक्षीगणनेचे काम केले आहे, म्हणून मोजणीबद्दल लिहितो.

कॅलिफोर्निया आणि नेवाडातील दहा प्लेट-प्रकल्पांच्या पाहण्या एकत्र करून २०२० मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाला दर मेगावॉटमागे सरासरी अडीच पक्ष्यांच्या आसपास मृत्यूचा अंदाज निघाला आणि सर्वाधिक सापडले ते होले, चंडोल यांसारखे जमिनीवर वावरणारे नेहमीचे पक्षी. त्याआधी २०१६ मध्ये अमेरिकेतील सर्व मोठ्या सौर प्रकल्पांत मिळून वर्षाला ३७,८०० ते १,३८,६०० पक्षी मरत असावेत असा अंदाज मांडला गेला होता. त्याच देशात इमारतींवर आदळून वर्षाला ३६ ते ९९ कोटी पक्षी मरतात असा अंदाज आहे, त्यापुढे हा आकडा लहान आहे. परंतु सरासरीने सगळे कळत नाही. डेझर्ट सनलाइटमध्ये २०१३ साली युमा क्लॅपर रेल हा पाणकोंबडीच्या कुळातील, अस्तंगत होत चाललेला एक पक्षी मृत सापडला. शंभर होल्यांचा मृत्यू आणि अशा एका पक्ष्याचा मृत्यू एकाच तागडीत तोलता येत नाहीत.

मोजणी अवघड का असते, तेही सांगतो. चंडोलाएवढा मेलेला पक्षी आपल्या माळावर एक रात्रही टिकत नाही. कुत्री, मुंगूस, कावळे तो उचलून नेतात. महिन्यातून एकदा फेरी मारली आणि काही सापडले नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून शास्त्रशुद्ध पाहणीत आधी ठरावीक संख्येने मेलेल्या कोंबड्या किंवा लावे मुद्दाम ठेवून बघतात की किती दिवसांनी किती उरतात आणि शोधणाऱ्याला त्यांपैकी किती सापडतात, आणि मग त्या प्रमाणात आकडा वाढवून घेतात. पुष्कळदा हाती लागतो तो फक्त पिसांचा पुंजका. त्यावरून पक्षी आदळून मेला की ससाण्याने मारला हे सांगता येत नाही.

दोन गोष्टी आपल्याला थेट उपयोगी आहेत. पहिली कुंपणाची. दक्षिण आफ्रिकेतील नॉर्दर्न केप प्रांतात ९६ मेगावॉटच्या जॅस्पर प्रकल्पाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे आवारातील पक्ष्यांच्या जाती बाहेरच्या माळापेक्षा कमी होत्या आणि दुहेरी कुंपणाच्या मधल्या पट्टीत तित्तिरासारखे जड शरीराचे पक्षी अडकून पडल्याचे आढळले. जमिनीवरून धावणाऱ्या पक्ष्याला अरुंद जागेतून उभे उडता येत नाही, तो जाळीवर आपटत राहतो. तेव्हा कुंपण एकेरी हवे आणि जाळी जमिनीपासून वीतभर वर हवी, म्हणजे माळटिटवीची पिल्ले, लावे, ससे खालून जाऊ-येऊ शकतील.

दुसरी तारांची. भारतीय वन्यजीव संस्थेने थरच्या वाळवंटात वीजवाहिन्यांखाली फिरून काढलेला अंदाज असा होता की सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या परिसरात तारांमुळे वर्षाला ८४,००० च्या आसपास पक्षी मरतात. माळढोकासाठी तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला आणि मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला, तो याच वादातून. प्लेटांची चर्चा करताना प्रकल्पापासून उपकेंद्रापर्यंतची लाइन कुणी विचारात घेत नाही. तुमच्याकडे ती पाझर तलावावरून जाणार असेल, तर माझ्या दृष्टीने तो प्लेटांहून मोठा धोका आहे.

रात्रीचं पाणी

जागेबद्दल एक सुचवतो. शिरोळ तालुक्यात आणि आमच्या बाजूलाही जास्त पाण्याने क्षारपड झालेली जमीन पुष्कळ आहे. ऊस तर सोडाच, तिथे गवतही नीट येत नाही आणि मालक कर्ज फेडत बसले आहेत. या योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. क्षारपड रानाच्या मालकाला एवढे पैसे दुसरे कोण देणार? गायरान गावाचे आणि फुकट म्हणून आधी डोळ्यांत भरते, एवढेच. शिवाय जिल्ह्यातल्या सूतगिरण्या, गूळ-सौद्यांची गोदामे, कारखान्यांच्या शेड यांच्यावर किती पत्रा उघडा पडला आहे ते शिरोली-गोकुळ शिरगावच्या रस्त्याने जाताना कुणालाही दिसते.

रंकाळ्याकाठी

क्षारपडीचा मुद्दा मला मनापासून पटला, मात्र सरसकट नको. ज्या क्षारपड रानात वर्षभर पाणी साचते, तिथे शेकाटे आणि हिवाळी तुतारे उतरतात. पांढरी पडलेली कोरडी क्षारपड वेगळी आणि दलदल झालेली वेगळी, एवढा फरक करावा.

तारमार्ग

दलदलीत खांब रोवण्याचा खर्चही वाढतो, त्यामुळे कंत्राटदार स्वतःहूनच कोरडी जागा मागेल. इंग्लंडमधील पूर्व अँग्लियाच्या शेतीपट्ट्यातील एक अभ्यास २०२५ मध्ये आला. तिथे कुंपणाच्या कडेने झुडपे आणि आत मिश्र गवत राखलेल्या सौर प्रकल्पांत लगतच्या पिकाखालील शेतांपेक्षा पक्ष्यांची संख्या पुष्कळ जास्त आढळली. तुलना पिकाच्या शेताशी होती, माळाशी नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. म्हणजे उसाच्या किंवा क्षारपड रानात प्रकल्प आला आणि गवत नीट राखले तर पक्ष्यांचा फायदाही होऊ शकतो. जिवंत माळावर आला तर तोटाच.

माळावरचा

काल ग्रामसभा झाली. चित्रफितीचा विषय कोणीतरी काढलाच, तेव्हा 'तारमार्ग' यांनी सांगितलेला फरक मी समजावून सांगितला आणि नंतर माळटिटवीच्या घरट्याचा फोटो मोबाइलवर हातोहात फिरवला. पहिल्या रांगेतल्या एका आजीने फोटो बराच वेळ पाहून 'ह्यात अंडी कुठं हाईत रं?' असे विचारले. मी बोट ठेवून दाखवल्यावर त्यांनी शेजारणीला दाखवले, आणि मग तो फोन माझ्याकडे परत यायला दहा मिनिटे लागली. दिवसा लाईटची मागणी सगळ्यांचीच होती, माझीही.

ठराव असा झाला: प्रकल्पाला गावाची संमती आहे, मात्र त्यासाठी गायरानाच्या दक्षिणेकडची जुनी मुरमाची खाण आणि तिला लागून असलेले क्षारपड रान आधी तपासावे, त्या रानाच्या तिन्ही मालकांनी भाड्याने देण्याची तयारी सभेतच सांगितली आहे. तलावाच्या बाजूचा माळ मोकळा राहावा, कुंपण एकेरी आणि खालून उघडे असावे, उपकेंद्राकडे जाणारी लाइन तलाव टाळून रस्त्याच्या कडेने न्यावी आणि मार्च ते जुलै या काळात माळावर यंत्रे चालवू नयेत. ठराव वरच्या कार्यालयात मान्य होईल की नाही हे त्या जागेच्या मोजणीनंतर ठरेल. पक्षी काय आहेत याची नोंद जोडा, असे सरपंचांनी सांगितले आहे आणि आमच्याकडे माझ्या वहीखेरीज काही नाही.

म्हणून येत्या तीन रविवारी सकाळी सव्वासहा ते नऊ मोजणी करत आहोत. 'पाणकणीस' यांनी आखून दिल्याप्रमाणे माळावर दोनशे-दोनशे मीटरच्या चार रेषा चुना टाकून आखल्या आहेत. त्यांतल्या दोन रेषा खाणीच्या बाजूला आहेत, म्हणजे दोन्ही जागांची तुलना होईल. माळटिटव्या जोडीने दिसू लागल्या आहेत, तेव्हा चालताना पायाखाली बघून चालावे आणि सोबत कुत्रा आणू नये. दुर्बीण असेल तर आणावी, नसेल तर माझ्याकडे दोन आहेत. इचलकरंजीकडून येणाऱ्यांनी फाट्यावर उतरून मला इथेच निरोप टाकावा, मी मोटारसायकल घेऊन येतो.